तीच पानं, तीच ओसरी

एरुंदिनोने सिगारचं टोक मधाच्या बाटलीत बुडवायला हात पुढे केला, तेवढ्यात पाहुण्याने बाटलीच्या तोंडावर आपला तळवा ठेवला.

"मध नको," पाहुणा म्हणाला. "तेव्हा नव्हता."

एरुंदिनोचा हात तसाच राहिला. गेली तीन वर्षं या ओसरीवर घोड्यांवरून, छत्र्या धरून, गळ्यात कॅमेरे अडकवून किती माणसं येऊन गेली, पण मधाला कुणी नाही म्हटलं नव्हतं. उलट बाटली पुढे आली की त्यांचे डोळे चमकत. मग एरुंदिनोही ठरलेल्या जागी थांबे, ठरलेला सुस्कारा टाके आणि सांगे, की ही आमच्या आज्याची रीत. आज्याने जन्मात मध घेतला तो फक्त खोकल्यावर.

"तेव्हा म्हणजे केव्हा?" त्याने विचारलं.

"पाच वर्षं झाली. माझी गाडी त्या वळणावर बंद पडली होती, पंख्याचा पट्टा तुटून. तुम्ही मला याच खुर्चीत बसवलंत." पाहुण्याने पायाशी ठेवलेल्या चामडी पिशवीकडे बोट केलं. "मी पियानो सुरात लावतो. पिनार देल रिओच्या संगीतशाळेसाठी अधूनमधून समुद्रापलीकडच्या मेरिदाहून येतो. आन्सेल्मो कान्चे."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या बायकोने, सोराइदाने, डोकं बाहेर काढलं.

"अगं बाई, मास्तर! म्हाताऱ्या, अरे ओळखलं नाहीस? हा तो पियानोवाला. माझ्या झुलत्या खुर्चीची करकर ऐकून कुठला सूर ते सांगणारा."

"मी ओळखलं होतं," एरुंदिनो म्हणाला, "तो स्वतः सांगेल म्हणून थांबलो होतो."

सोराइदाने डोकं आत घेतलं, पण खिडकी उघडी ठेवली.

मास्तर बुटका, सावळा, हळू बोलणारा माणूस होता. बोलताना तो स्वतःच्या बोटांकडे बघे. त्याने खुर्ची जरा पुढे ओढली. जे सांगायला तो आला होता ते सांगणं त्याला जड जात होतं, हे दिसत होतं.

"जाताना तुम्ही मला सिगारींची एक जुडी बांधून दिली होती. ती मी घरी ओढली. बरी होती."

"बरी," एरुंदिनो म्हणाला.

"चांगली होती. पण इथे ओढलेली ती नव्हती. पाच वर्षं मी तेच मनात घोळवतोय. गच्चीवर ओढून पाहिली, पावसात पाहिली, जेवणावर, उपाशीपोटी. मग वाटलं, घाईत जुड्या बदलल्या असतील. तुमच्या घरची एक, आणि पाहुण्यांची दुसरी. चूक कुणाच्याही हातून होते."

या खोऱ्यात माणसाला आळशी म्हणा, दारुडा म्हणा, तो हसून तुमचाही पेला भरेल. पण स्वतः एक ओढतो आणि दारात आलेल्याला दुसरी देतो असं म्हणणं म्हणजे त्याच्या बापापर्यंत गेल्यासारखं. आणि हा माणूस ते रागाने म्हणत नव्हता, चिडून म्हणत नव्हता. समजून घेऊन म्हणत होता. एरुंदिनोला तेच झोंबलं.

"मास्तर, माझ्या घरात दुसरी जुडी नसते."

"तसंच असेल."

"असेल नाही. आहे. त्यातली एखादी उरली आहे तुमच्याकडे?"

मास्तरने पिशवी उघडली. हातोड्या, चिमटे आणि किल्ल्यांच्या खाली एक पत्र्याचा डबा होता, आतून पियानोत घालतात तसल्या लोकरी नमद्याने मढवलेला. त्यात एकच सिगार होती. तिचा रंग आता भिजल्या मातीसारखा गडद झाला होता.

एरुंदिनोने ती उचलली. आधी दोन बोटांत फिरवली, मग कानाजवळ नेऊन हलकेच दाबली. पान कुरकुरलं नाही. जिवंत होतं. मग त्याने टोकावरची टोपी पाहिली, पानाचा तो शेवटचा चिमुकला गोल, आणि त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा खरं हसू आलं.

"ही माझी टोपी. असा वळसा घालणारं बोट या खोऱ्यात एकच आहे." त्याने अंगठा वर धरून दाखवला. "बदललेलं काही नाही. तुम्ही तिथे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात बसून ओढलीत, त्याला मी काय करू? इथे ओढा. आत्ता. आणि मग सांगा."

त्याने लाकडाची बारीक ढलपी चुलीवर पेटवून आणली, टोक सावकाश फिरवत शेकलं आणि सिगार मास्तरच्या हाती दिली. मग कठड्याला टेकून हाताची घडी घातली. निकाल काय लागणार हे त्याला ठाऊक होतं. ते ऐकल्यावर किती मोठेपणाने मान हलवायची तेवढं ठरवायचं राहिलं होतं.

मास्तरने डोळे मिटले. धूर तोंडात धरला, सोडला. पुन्हा एकदा.

"सुरेख आहे," तो म्हणाला.

"मग!"

"पण ती नाही."

खिडकीत भांडं आपटल्याचा आवाज आला. सोराइदा हसत होती की भांडं खरंच निसटलं होतं, ते एरुंदिनोने पाहिलं नाही.

"खुर्ची फिरवा," तो म्हणाला. "तेव्हा तुमचं तोंड डोंगराकडे होतं."

खुर्ची फिरवली. समोर लाल वावर, त्यात तंबाखूची उरलेली खुंटं, पलीकडे पानं वाळवायचं गवती छपराचं घर आणि त्यामागे ते गोल माथ्यांचे डोंगर, बसल्या जागी पेंगणारे. मास्तरने झुरका घेतला आणि नकाराची मान हलवली.

"सोराइदा, कॉफी!"

कॉफी आली, उसाच्या गुळासारखी गोड. मास्तरने ती प्यायली, आभार मानले, झुरका घेतला. पुन्हा तशीच मान हलवली.

एरुंदिनोने पाहुण्यांसाठी घातलेली पट्टीवाली नवी टोपी काढून खुंटीवर अडकवली आणि घामाने काळी पडलेली जुनी डोक्यावर ठेवली. उंबऱ्यातून सोराइदा पाहत होती.

"आता त्यांची गाडीही बंद पाड," ती म्हणाली. "म्हणजे सगळं जमेल."

"तू आत जा."

"माझं घर आहे. मी कुठेही उभी राहीन."

मास्तर ओशाळला. "राहू द्या. माझंच डोकं सरळ चालत नाही. धंद्याने सवय लागलीय. कसं सांगू, सूर बरोबर लागलेत. एकही पट्टी उतरलेली नाही. पण पियानो रिकाम्या खोलीत वाजतोय." त्याने बोटांकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही एवढं बोलत नव्हता."

"मी?"

"तुम्हाला बोलू दिलं जात नव्हतं. आणखी एक जण होते. उंच, कान मोठे. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते हसायचे. तुम्ही रागवायचात आणि ते आणखी हसायचे. ते कोण होते?"

एरुंदिनोने कठड्यावरची राख हाताने झटकली. तिथे राख नव्हती.

"भाऊ," तो म्हणाला.

"गेले का ते?"

"गेला कुठला. तो काय, समोर."

समोर म्हणजे कुंपणापलीकडे. जिवंत फांद्या रोवून केलेलं ते कुंपण आता पालवून कमरेएवढं झालं होतं. त्याच्या पल्याड निवार्दोचं घर, यांच्या घरासारखंच, तोंड फिरवून बसलेलं. बाप गेल्यावर जमिनीचे दोन तुकडे झाले, पण बैलजोडी मोडायचा धीर कुणाला झाला नाही. लुसेरो एरुंदिनोचा आणि कानेला निवार्दोचा. नांगराला दोन्ही लागत. म्हणून ज्याची पाळी असेल त्याच्याकडे दुसऱ्याचा बैल जाई. कुंपणाजवळच्या पेरूला तो बांधून ठेवायचा, आणि सोराइदाने ओरडून सांगायचं. तीन हंगाम असेच गेले होते. बैल रोज एकमेकांना भेटत, भाऊ नाही.

भांडण झालं ते मधावरून. पहिली बाटली ओसरीवर आली त्या दिवशी निवार्दो इथेच बसला होता. त्याने विचारलं, मध कशाला? एरुंदिनो म्हणाला, लोकांना गोड लागतं. निवार्दो म्हणाला, पान चांगलं असेल तर गोड कशाला लागायला हवं, मध लागतो तो पान लपवायला. मग एरुंदिनो म्हणाला, की तुझी पानं लपवायला मध पुरणार नाही, डांबर लागेल. तेही हसण्यावारी गेलं असतं. पण पाहुणे समोर होते, आणि ते हसले. निवार्दोला दुसऱ्याने हसलेलं कधी सोसायचं नाही. हसणं हे त्याचं काम होतं. तो उठला, कॉफी अर्धी टाकून.

"सोराइदा," एरुंदिनो म्हणाला, "त्याला हाक मार. सांग, पाहुणा आलाय."

"माझे पाय दुखतात."

"हाक मारायला पाय कशाला लागतात?"

"घसाही दुखतो. तीन वर्षं ओरडतेय, तुझा बैल ने, तुझा बैल आण." तिने मास्तरच्या पेल्यात पुन्हा कॉफी ओतली. "चोर तुला म्हणतायत, मला नाही."

"मी चोर म्हटलं नाही," मास्तर घाईने म्हणाला.

"नाही म्हटलंत," एरुंदिनो म्हणाला. "म्हटलं असतंत तर सोपं होतं."

तो पायऱ्या उतरला. कोंबड्या बाजूला झाल्या. वावरातून कुंपणापर्यंतची वाट त्याच्या पायांना पाठ होती, तरी त्याने दोनदा थांबून उगाच मातीचं ढेकूळ उचलून पाहिलं, जणू जमिनीचीच पाहणी करायला निघाला आहे. निवार्दो अंगणात जोखडाचा पट्टा शिवत बसला होता. त्याने वर पाहिलं, आणि पुन्हा सुई पट्ट्यात खुपसली.

"कानेला पेरूला बांधलाय," तो पट्ट्याशी बोलला.

"बैलासाठी नाही आलो."

निवार्दोने दोरा ओढला.

"एक माणूस आलाय," एरुंदिनो म्हणाला. "म्हणतो, बाबांच्या पानात आता चव राहिली नाही."

"तुझ्या पानात. मधातल्या."

"मधातली नाही. पाच वर्षांपूर्वीची. टोपी माझी, पण आतली पानं तुझ्या तुकड्यातली, विहिरीकडच्या. आठवतं? त्या वर्षी माझी पानं पावसाने डागली होती."

सुई थांबली.

"विहिरीकडच्या पानात चव नाही म्हणतो?"

"माझ्या ओसरीवर बसून."

"कोण आहे हा?"

"तो पियानोवाला. पंख्याचा पट्टा तुटला होता तो."

निवार्दो वर पाहायला लागला. मोठे कान आधी हलले, मग गाल. "ज्याच्या कॉफीत तू मीठ घातलंस तो."

"मी घातलं? तू घातलंस."

"डबा तू दिलास."

"डबा मी दिला, पण डोळे तुझे होते."

"आणि त्याने अख्खा पेला प्यायला, संकोचाने. वर म्हणाला, इथली कॉफी वेगळीच असते." निवार्दोने तोंडावर हात ठेवला. एरुंदिनोने दुसरीकडे पाहिलं, कारण त्याला हसायचं नव्हतं.

मग दोघंही पट्ट्याकडे पाहत राहिले. जणू तो कसा शिवायचा हाच काय तो प्रश्न होता.

"ती बाटली असेल तिथे," निवार्दो अखेर म्हणाला.

"पाहुण्यांसाठी असते."

"मी पाहुणा नाही."

"नाहीस."

"मग उचल ती."

एरुंदिनोला बरंच काही सुचलं. घोड्यांवरून येणाऱ्या माणसांबद्दल, छपराच्या नव्या गवताबद्दल, शहाणपणा कुणाला परवडतो याबद्दल. ते सगळं त्याने ओठांपर्यंत आणलं आणि तिथेच ठेवलं.

"चल," तो म्हणाला.

निवार्दोने कुंपणावरून टांग टाकली. तीन वर्षांत फांद्या वाढल्या होत्या. त्याची विजार अडकली आणि तो एका पायावर नाचायला लागला. एरुंदिनोने त्याच्या दंडाला धरून ओढलं. "म्हातारा झालास," तो म्हणाला. "कुंपण वाढलंय," निवार्दो म्हणाला, "मी आहे तेवढाच आहे." हात मात्र दोघांनीही लगेच सोडवून घेतले.

ओसरीवर पोचले तेव्हा बाटली जागेवर नव्हती. सोराइदा आत काहीतरी तळत होती आणि तिचं लक्ष नसल्यासारखं तिने दाखवलं.

"मास्तर," निवार्दो म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता बशीतली सिगार उचलली. ती अर्धीच जळून विझली होती. "ही विझू दिलीत?"

"मीच ठेवली बाजूला. उगाच संपवावीशी वाटेना."

"आणि हा नुसता बघत उभा राहिला? बाबांनी कान उपटला असता." त्याने टोकाची राख हलकेच पाडली, सिगार ओठांना न लावता मुठीच्या पोकळीत धरून उलट फुंकर मारली आणि आतला शिळा धूर बाहेर घालवला. मग ढलपी पेटवली. "घ्या. आता हिला सोडायचं नाही. बाई आणि बैल थांबतात, ही थांबत नाही."

"बाईला विचारलंस का कधी?" आतून सोराइदा म्हणाली.

"वहिनी, तुझ्यासाठीच मी याला आवरत आलो, नाहीतर हा तुलाही मधात बुडवील."

एरुंदिनोने दोन ताज्या सिगारी काढल्या, एक भावापुढे टाकली. निवार्दोने तिचं टोक दातांनी तोडलं, वास घेतला, आणि नाक मुरडलं.

"घाईत वाळवलीस."

"तुझ्याकडे वाळवली असती, तर बुरशी आली असती."

"बुरशी एकदा आली. एकदा. आणि त्याही वेळी दार उघडं ठेवलं कुणी?"

"वाऱ्याने."

"वाऱ्याचं नाव एरुंदिनो होतं."

मास्तर दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याने मध्ये एक-दोनदा तोंड उघडलं, पण त्याच्यासाठी जागाच नव्हती. एरुंदिनो बुरशीचं वर्ष सांगायला लागला, निवार्दोने ते खोडून दुसरं सांगितलं, मग दोघांनी सोराइदाला साक्षीला बोलावलं आणि तिने तिसरंच सांगितलं. मग मिठाच्या कॉफीचा खटला उभा राहिला. निवार्दोने उठून, तो डबा कसा हातात दिला, झाकण कसं उघडलं, मास्तरचा घोट घेतानाचा चेहरा कसा झाला, हे सगळं करून दाखवलं. एरुंदिनोने चारदा "माझं ऐक" म्हटलं. चारही वेळा तो वाक्याच्या मध्यावर पोचला आणि निवार्दो हसला. पाचव्या वेळी एरुंदिनो स्वतःच हसला, इतका की टोपी मागे पडली आणि त्याला खोकला आला. निवार्दो म्हणाला, "वहिनी, ह्याला थोडा मध दे." मग सोराइदासुद्धा उंबऱ्यावर बसून हातातल्या फडक्यात तोंड घालून हसायला लागली.

डोंगरांच्या सावल्या वावरावर आल्या. कोंबड्या आपापल्या जागी चढल्या. खाली रस्त्यावरून संगीतशाळेच्या गाडीचा भोंगा वाजला. मास्तर उठला, पिशवी खांद्याला लावली, तेव्हा कुठे एरुंदिनोला आठवलं की हा माणूस निवाडा करायला आला होता.

"हां, मास्तर! बसलात किती वेळ, बोलला नाहीत काही. सांगा. तीच की नाही?"

निवार्दोही पुढे सरकला. विहिरीकडच्या पानांचा प्रश्न होता.

मास्तरने एरुंदिनोकडे पाहिलं, मग निवार्दोकडे, मग उंबऱ्यावर बसलेल्या सोराइदाकडे. तिने त्याच्या नजरेला नजर दिली.

"आज नीट सांगता येत नाही," मास्तर आपल्या बोटांकडे बघत म्हणाला. "मध्ये विझली होती ना. विझलेल्यावर निवाडा देणं बरोबर नाही. शाळेत अजून दोन पियानो राहिलेत. परवा दुपारी मोकळा आहे मी, तुमची हरकत नसेल तर."

"हे बरं आहे," निवार्दो म्हणाला. "माझ्या पानांवर संशय ठेवून हा माणूस दोन दिवस गावभर हिंडणार. आणि परवा मला नांगरायचंय."

मास्तर बोलता बोलता अंगठ्याच्या टोकावर हळूच फुंकर घालत होता. एरुंदिनोने कठड्यावरच्या बशीकडे पाहिलं. त्यात सिगारचं थोटूक पडलं होतं, नखाएवढं, आणखी एक झुरका घ्यायलाही जागा नव्हती तिथवर जळलेलं.

त्याने बशी उचलली आणि निवार्दो वळायच्या आत ती कठड्यापलीकडे रिकामी केली.

"सकाळी नांगर," तो भावाला म्हणाला. "लुसेरो मी स्वतः आणून देतो. पण दुपारी इथे ये. असा अर्धवट निकाल घेऊन मी याला मेरिदाला जाऊ देणार नाही."